आभाळाचा रकाना

कोहढाण्याची बस घाटात दोनदा थांबली. एकदा तापलेली बॅटरी निववायला आणि एकदा रस्त्याच्या मधोमध बसलेल्या म्हशींसाठी. दोन्ही वेळा बाकीचे प्रवासी पाय मोकळे करायला खाली उतरले, पण श्रीधर भुयार जागचे हलले नाहीत. खाली उतरायचं म्हणजे पुन्हा वर चढायचं, आणि एकसष्टाव्या वर्षी त्यांना त्या दोन पायऱ्यांचाही कंटाळा आला होता. मांडीवरची काळी पेटी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. त्या पेटीत साक्षीपट्टी वाचायचं यंत्र होतं.

ही साक्षीपट्टी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

आपल्या डोक्यावर अहोरात्र एक पाऊस पडत असतो. तो भिजवत नाही की वाजत नाही. दूर कुठेतरी एखादा मोठा तारा फुटतो, त्या धक्क्याने अणूंचे गाभे भिरकावले जातात, आणि लाखो वर्षं भटकून त्यातला एखादा आपल्या हवेवर येऊन आदळतो. त्याचे तुकडे होतात, ते तुकडे आणखी काही फोडतात, आणि जमिनीपर्यंत येते ती म्युऑन, न्यूट्रॉन अशा बारीक कणांची सर. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या तळहातातून चार-पाच कण आरपार गेलेसुद्धा. माणसाला त्याचं काही जाणवत नाही. यंत्राचं तसं नसतं. यंत्राची आठवण इतक्या लहान कप्प्यांत भरलेली असते की एखादा न्यूट्रॉन नेमका जागी बसला, तर कप्प्यातल्या शून्याचा एक होऊन जातो. यंत्र मोडत नाही, कुरकुरत नाही. ते फक्त चुकीची गोष्ट खरी मानून शांतपणे काम करत राहतं.

कप्पे लहान होत गेले, तशा या चुका वाढत गेल्या. शेवटी कायदा आला. माणसाचा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे अशा प्रत्येक यंत्रात आठवणीच्या कप्प्यांखाली सिलिकॉनची एक पातळ पट्टी बसवायची. कोणता कण कुठून आणि किती वाजता गेला, हे ती टिपून ठेवते. अपघात झाला की कणतपासनीसाने यायचं, पट्टी वाचायची आणि अहवालात तीनपैकी एका रकान्यात खूण करायची. ते तीन रकाने म्हणजे माणूस, यंत्र आणि आभाळ.

कायद्याला अकरा वर्षं झाली होती. भुयारांनी चारशेबारा तपासण्या केल्या होत्या, आणि त्यातल्या साडेतीनशेच्या वर आभाळाच्या रकान्यात गेल्या होत्या. लोक त्यांना आभाळवाले साहेब म्हणत. आधी ते परतवाड्याला शाळेत विज्ञान शिकवत. मुलं कमी झाली म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली, आणि भुयार सर कणतपासनीस झाले.

कोहढाण्याचं ग्रामीण रुग्णालय पठाराच्या टोकाला होतं. वीस खाटा, तीन परिचारिका आणि आठवड्यातून चार दिवस येणारे एक डॉक्टर. बारा दिवसांपूर्वी इथे सोमाजी ठोंबरे नावाचे सत्तर वर्षांचे गृहस्थ वारले होते. साखर फार वाढली म्हणून त्यांना पंपाने थेंबथेंब इन्शुलिन देत होते. ताशी चार युनिटांवर लावलेला पंप दुपारी कधीतरी बारावर गेला. पाच वाजता कोणाच्या लक्षात आलं तेव्हा साखर पार तळाला गेली होती, आणि म्हातारा शुद्धीवर आलाच नाही.

कागदावर परिचारिकेचं नाव एम. आर. कास्देकर असं होतं. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा भुयारांना उजव्या भुवईवरचा व्रण आधी ओळखू आला.

"मयूरी?"

"हो सर." ती हसली नाही. "तुम्हीच याल असं वाटलं नव्हतं. आणि तुम्हीच यावं असंही वाटत होतं."

ती नववीत असताना भुयारांनी वर्गात काचेची एक पेटी केली होती. खाली गोठवलेल्या वायूची लादी, वर स्पिरिटची वाफ. खिडक्या लावून टॉर्च धरला की वाफेत केसासारख्या पांढऱ्या रेघा उमटायच्या आणि विरायच्या. कण दिसत नसे, त्याचा माग तेवढा दिसे. सगळी मुलं तीन मिनिटांत कंटाळली. मयूरी मधली सुट्टी संपेपर्यंत बसून राहिली होती आणि शेवटी तिने विचारलं होतं, "सर, हे कुणालाच लागत नाहीत, तर मग हे येतात कशाला?" त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी उद्या देतो म्हणून सांगितलं होतं, आणि ते राहूनच गेलं.

नियम असा की ओळखीच्या माणसाची तपासणी घ्यायची नाही, कळवून परत फिरायचं. पण दुसरा तपासनीस यायला महिना लागला असता, आणि तोवर या पोरीला निलंबित केलं असतं. तिचे डोळे खोल गेले होते. भुयारांनी पेटी उघडली.

पंप चार नंबरच्या खाटेजवळ होता. जुना, बटणांवरचे आकडे पुसट झालेला. कोणी कोणतं बटण दाबलं याची नोंद त्यात राहत नसे. दर पाच मिनिटांनी चालू आकडा तेवढा लिहिला जाई. तीन चाळीसला चार, तीन पंचेचाळीसला बारा. भुयारांनी पट्टीची तार जोडली. पट्टीचं घड्याळ उपग्रहावरून चालतं, त्यात सेकंदाचाही फरक पडत नाही. पट्टीने सांगितलं, तीन बेचाळीसला आठवणीच्या त्याच भागातून एक न्यूट्रॉन गेला आहे.

नियमाला एवढं पुरे होतं. पाच मिनिटांच्या आत कण गेलेला असावा आणि एकाच कप्प्याने आकडा बदलत असावा. भुयारांना हेही ठाऊक होतं, की या उंचीवर तासाला दोन-तीन कण त्या भागातून जातच असतात आणि हजारातला एखादाच काही बिघडवतो. पण नियम त्यांनी केला नव्हता. ज्यांनी केला होता त्यांना तो सैलच हवा होता.

"काय निघालं?" मागून डॉक्टर इंगोलेंनी विचारलं. ते पस्तिशीचे, पण खांदे पन्नाशीचे. दुपारी आणखी दोन गावं करायची म्हणून त्यांनी हेल्मेट हातातच धरलं होतं.

"आभाळ दिसतंय."

इंगोलेंनी हेल्मेट खाली ठेवलं. "मग ते लिहा आणि मोकळे व्हा सर. हिला काढली तर दुसरी येत नाही इथे. गेल्या वर्षी एक आली होती, बिबट्याचे ठसे पाहून तिसऱ्या दिवशी गेली. तीन नर्स आहेत, त्यातली एक बाळंतपणाला गेलीय."

"म्हणजे त्या दिवशी मयूरी किती तास उभी होती?"

"ते तुमच्या फॉर्ममध्ये विचारतात का?"

"नाही."

"मग राहू द्या." ते चिडून बोलले नव्हते. थकून बोलले होते, आणि भुयारांना तो सूर चांगला ओळखीचा होता. "हा पंप उद्यापासून मला परत हवाय. चार नंबरला आश्रमशाळेची एक मुलगी येतेय, साखर पाचशेच्या वर. दुसरा पंप नाही."

व्हरांड्यातल्या बाकावर सोमाजींची बायको बसली होती. चंद्रकलाबाई. तपासनिसाने नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगावं, असा नियम होता, आणि नोकरीतला तेवढाच भाग भुयारांना अजून आवडत असे. ते त्यांच्या शेजारी बसले.

"किराणा दुकानात वजनं पाहिली ना बाई? समजा आपल्याकडे आठ, चार, दोन आणि एक अशी चारच वजनं आहेत. चार तोलायचं तर कोणतं ठेवाल?"

"चाराचं."

"बरोबर. आता कोणाचा धक्का लागून आठाचं वजनही पारड्यात पडलं तर?"

बाईंनी बोटं मोजली. "बारा."

"यंत्राची आठवण अशीच असते. पॉइंटाच्या आधीचा आकडा एका पारड्यात, नंतरचा दुसऱ्या. आभाळातून कण आला, त्याने पहिल्या पारड्यात आठाचं वजन टाकलं. चाराचे बारा झाले. कोणी मुद्दाम केलं नाही, कोणी चुकलंही नाही."

चंद्रकलाबाईंनी समोरच्या सागाच्या झाडांकडे नजर वळवली.

"लेकरांवानी समजावून सांगितलं जी तुम्ही. समजलं मला," त्या म्हणाल्या. "पन आता म्या रागवू कोणावर? बारा दिस झाले, या पोरीवर रागवत होती. तेवढाच आधार होता. आभाळावर रागवून त काय होते? ते त सगळ्याइचंच."

साडेतीनशे घरांत भुयारांनी हे वजनांचं गणित सांगितलं होतं. त्या घरांतही कोणी रागवायला उरलं नव्हतं, पण इतक्या सरळ शब्दांत आजवर कोणी तसं म्हणालं नव्हतं.

आत येऊन त्यांनी अहवाल भरला. आभाळाच्या रकान्यात खूण केली. पठारावर फोन लागत असे, पण इंटरनेट नव्हतं, तेव्हा पाठवायचा तो खाली परतवाड्याला गेल्यावर. मयूरीला त्यांनी एवढंच सांगितलं, "सुटलीस."

तिने मान हलवली. डोळे पुसले, पण चेहरा उजळला नाही. भुयारांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. शेवटची बस सव्वापाचला. ते पेटी घेऊन, दुखरा गुडघा ओढत, शक्य तेवढ्या घाईने निघाले.

थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या टपरीवाल्याने त्यांची धाप पाहून स्टूल पुढे सरकवलं.

"गेली का हो बस?"

"जाते कुठी? अजून दहा मिन्टं हायेत तिले."

"अहो, सव्वापाच होत आले."

टपरीवाला हसला. "दवाखान्यातली घडी पाहून आले वाटते. ते दहा मिन्टं पुढंच असते साहेब. मोठ्या सिस्टरबाईनं करून ठेवली हाय. ड्युटीवाले उशिरा येत नं, म्हनून. आता सगळ्याइले मालूम हाय, त पुन्हा सगळे उशिराच येतेत. चाय टाकू?"

भुयारांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं. घाईत त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. भिंतीवर घड्याळ असलं की माणूस मनगटाकडे पाहत नाही.

चहा आला. ते कपाकडे पाहत राहिले. अशा रुग्णालयात पंपांची घड्याळं कोण लावत असेल? बहुतेक मोठ्या सिस्टरच. आणि त्या कशात पाहून लावत असतील?

विचार इथेच सोडून देता आला असता. बस येणार होती. रात्रीच्या जेवणाला ते घरी पोचले असते. अहवाल तयार होता, त्यात सगळ्यांचं भलं होतं आणि नियमाप्रमाणे तो बरोबरही होता. भुयारांनी गरम चहा दोन घोटांत संपवला, जीभ भाजून घेतली, आणि बस वळणावर दिसत असताना ते उलट दिशेने चालू लागले.

पंपाचं घड्याळ पाच पंचवीस दाखवत होतं. मनगटावर सव्वापाच होते.

त्यांनी पट्टी पुन्हा वाचली. पंपाचे तीन चाळीस ते पंचेचाळीस म्हणजे खरे तीन तीस ते पस्तीस. त्या वेळात पट्टीवर काहीच नव्हतं. तीन सतराला एक कण, मग थेट तीन बेचाळीसला. बेचाळीसचा कण आला तेव्हा आकडा बदलून सात मिनिटं तरी झाली होती. तो बिचारा आला तसा निघून गेला होता.

मग चाराचे बारा कोणी केले? भुयार खाटेच्या कडेला बसले. आठाचं वजन पडलं तर बारा होतात, हे खरं. पण माणसाच्या बोटांनी बारा कसे होतील? त्यांनी पंप मोकळा करून बटणं दाबून पाहिली. एक, दोन, तीन, सगळी चालत होती. मग त्यांनी एक, पॉइंट आणि दोन दाबलं.

पडद्यावर १२ आलं.

त्यांनी पुन्हा दाबलं, जोर देऊन. १२. पॉइंटाचं बटण इतकं झिजलं होतं की खाली जायचं, पण आत काही पोचत नव्हतं.

दारात मयूरी उभी होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"बस गेली सर?"

"गेली. ये, बस इथे." वर्गात बोलत तसेच ते बोलले. "त्या दिवशी साखर उतरत होती का गं त्यांची?"

"हो. छान उतरत होती."

"मग डोस कमी करायला हवा होता."

ॲप्रनच्या खिशात हात घालून तिने एक छोटी घडी बाहेर काढली. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता, स्वतःलाच चिकटून बसलेला. इथल्या परिचारिका डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं असं चिकटपट्टीवर लिहून खाटेच्या दांडीला लावत, आणि ड्युटी संपताना कागदावर उतरवत. मयूरीने तो तुकडा नखाने सोडवला. निळ्या पेनने लिहिलं होतं: इं. सर, १.२ करा, ३.४०.

"इंगोले सरांचा फोन आला होता," ती म्हणाली. "मोबाईलमध्ये तीन तीसचा दिसतो. मी लिहिताना भिंतीवर पाहिलं. मग लावलं असणार. सर, खरं सांगते, लावल्याचं आठवत नाही मला. आदल्या रात्री आठपासून उभी होते. अकरा पेशंट. मध्ये एकीचं बाळंतपण झालं. लावताना पडद्याकडे बघितलं की नाही, तेही आठवत नाही."

"ही चिकटपट्टी कधी सापडली?"

"चौथ्या दिवशी, ॲप्रन धुताना. इंगोले सरांना दाखवली. ते बराच वेळ बघत बसले, आणि म्हणाले, आभाळवाले येऊन जाऊ दे." तिने तो तुकडा मुठीत धरला. "फेकवली नाही मला. तुम्ही मघाशी सुटलीस म्हणालात, तेव्हा वाटलं, सर म्हणतात तर असेल आभाळच. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात ना सर? मी बरोबर लावलं असेल आणि कणाने बिघडवलं असेल?"

भुयारांना त्या घटकेला हो म्हणता आलं असतं. तिने नववीतल्या डोळ्यांनी विचारलं होतं, आणि ते हो म्हणाले असते तर तिने जन्मभर विश्वास ठेवला असता.

"नाही होऊ शकत," ते म्हणाले. "कण उशिरा आला. सात मिनिटं तरी."

मयूरीने खाटेची दांडी धरली.

"फॉर्मवर तीनच रकाने आहेत," भुयार पुढे म्हणाले. "मी यंत्रावर खूण करणार. बटण गेलेलं आहे. पण खाली सगळं लिहावं लागेल. फोन, वीस तासांची ड्युटी, पुढे ठेवलेलं घड्याळ. आणि तू पडद्याकडे पाहिलं नसावंस, तेही. तू माझी विद्यार्थिनी, हेही लिहीन. त्यावरून ते माझा अहवाल बाजूला ठेवतील आणि दुसरा माणूस पाठवतील. तुझी नोकरी राहील की जाईल, ते मला सांगता येत नाही. मला वाटतं, काही दिवस तरी जाईल."

"आणि आभाळच राहू दिलं तर?"

"तर उद्या हा पंप त्या आश्रमशाळेच्या मुलीला लागेल."

बाहेर सागाच्या पानांची सळसळ झाली. वॉर्डात कोणी तरी खोकलं. मयूरी सवयीने तिकडे गेली, म्हाताऱ्याला पाणी दिलं, उशी सारखी केली. परत येताना तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. तिने वीतभर पट्टी फाडली, पंपाच्या पडद्यावर आडवी लावली आणि पेनने ठळक लिहिलं: पॉइंट चालत नाही. वापरू नये. खाली सही केली, पूर्ण नावाने. तारीख घातली. वेळ घालायला तिने भिंतीकडे मान वळवली, थांबली, आणि भुयारांचं मनगट धरून त्यांच्या घड्याळात पाहिलं.

पाच सदतीस.

"तालुक्याच्या दवाखान्यात एक जादा पंप आहे," ती म्हणाली. "ते सोडत नाहीत. पण तिथल्या सिस्टरला मी आता फोन करते. सकाळी कोणाच्या तरी गाडीने येईल."

फोन करून आल्यावर तिने तोंड धुतलं आणि पदर खोचावा तसा ॲप्रन सारखा केला.

"चंद्रकलाबाई अजून बाहेरच आहेत सर. मुलगा न्यायला येणार आहे सहाला."

"मी सांगतो त्यांना. ते माझं काम आहे."

"तुम्ही वजनांचं सांगितलंत. आता हे मी सांगते."

भुयार उठले नाहीत. खिडकीतून त्यांना बाक दिसत होता. मयूरी जाऊन शेजारी बसली नाही, समोर जमिनीवर उकिडवी बसली. ती बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते. चंद्रकलाबाई आधी ऐकत राहिल्या, मग त्यांचा हात वर गेला, आणि भुयारांना वाटलं, आता मारणार. हात तसाच हवेत राहिला. मग त्या रडू लागल्या. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. बारा दिवसांत पहिल्यांदाच रडत असाव्यात तशा. मयूरी जागची हलली नाही.

भुयारांनी अहवाल पुन्हा उघडला आणि आभाळाच्या रकान्यातली खूण पुसली. मग स्टूल ओढलं, जपून वर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ खाली घेतलं. त्याच्या पाठीवर धुळीचा थर होता. तो रुमालाने पुसून त्यांनी काटे दहा मिनिटं मागे घेतले.

परतीची बस आता सकाळी सातला होती. ते चार नंबरच्या रिकाम्या खाटेवर पाय पसरून बसले आणि लिहू लागले.